कौतिकच्या वाटचा मांडा

धुळ्याच्या स्टेशनापासून आग्रा रोडपर्यंत टांग्याला फार तर पाव तास लागतो, आणि तेवढ्या पाव तासात टांगेवाल्या सुकदेव नानाच्या गोष्टीतली रोटी परातीएवढीची बैलगाडीच्या चाकाएवढी होई. मालधक्क्यापाशी ती सुपाएवढी असे. कापसाच्या जिनाचं धुराडं दिसू लागलं की तिच्यावर चार माणसं मांडी घालून बसू शकत. आणि बाजार यायच्या आत बसऱ्याची ती अरबीण, जिला नानाशिवाय धुळ्यात कोणी पाहिलेलं नव्हतं, दोन्ही हातांवर रोटी अशी भिरकवी की तिच्या सावलीतून कबुतरांचा थवा निघून जाई आणि एकाही पाखराला ऊन लागत नसे. लोक हसत. स्टेशनावर दहा टांगे उभे असले तरी ओळखीचं गिऱ्हाईक म्हणे, नानाच्या टांग्यात बसू, उन्हाचं कळत नाही. त्या दिवशीही तसंच चाललं होतं. वैशाख होता, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर आली होती, मागच्या बैठकीवर कापडवाले रुपचंदशेठ आणि त्यांचे दोन पाहुणे होते, आणि नाना नेहमीच्या जागी नेहमीच्या सुरात म्हणाला, "मंग मी तिला दोन बोटं दाखवली, शेठ. तिनं हसून दोन रोट्या दिल्या."

"थांबा, थांबा नाना," रुपचंदशेठ म्हणाले. "चार वर्षं ऐकतोय मी. रोटी एकच असते. आज दोन झाल्या?"

"दोन?"

"तुम्हीच म्हणालात ना आता. दोन बोटं, दोन रोट्या. मग दुसरी कोणी खाल्ली?"

"कबुतरांनी!" एक पाहुणा म्हणाला. "घोड्यानं!" दुसरा म्हणाला, आणि तिघंही टांगा हलेपर्यंत हसले. नानाजवळ अशा अडवणुकीला उत्तर नसायचं असं कधी झालं नव्हतं. मागे एका मास्तरानं विचारलं होतं की एवढी मोठी रोटी भाजायला चूल केवढी होती, तर नाना म्हणाला होता, चूल कशाला, तिकडचा सूर्य खाली येतो. पण या वेळी टांगा उभा राहिला होता, आणि लगाम आपणच खेचला हे त्याला घोड्याच्या मानेकडे बघून कळलं.

म्हणजे एवढंच झालं. भाडं उतरलं, गेलं, रुपचंदशेठ जाताना पाठीवर थापही मारून गेले. पण सुकदेव कडुनिंबाखाली टांगा लावून बसला तो दुपार उतरेपर्यंत बसून राहिला. एक दात आपण होऊन हलावा तसं त्याला झालं होतं. बारा वर्षं तो ही गोष्ट सांगत होता. तिला त्यानं चाकाएवढी केली, आभाळाएवढी केली. आणि ती जितकी मोठी होई तितकी तिच्यामागे दुसरी रोटी झाकून जाई. खोटं मोठं बोलावं, त्याचा आडोसा चांगला होतो, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. आणि आज उन्हानं म्हणा, आखाजी जवळ आल्यानं म्हणा, ती दुसरी रोटी आपली आपण बाहेर येऊन बसली. तीही काही चाकाएवढी नाही. साधी, पातळ, काठाला जरा करपलेली. घोडा चंदी खात होता. त्याच्या जबड्याचा कर्र-कर्र आवाज येत होता आणि सुकदेवला वाटलं, उठावं आणि त्याच्या तोंडासमोरून ती चंदी काढून घ्यावी. असं का वाटलं ते मात्र त्याला ठाऊक होतं.

त्याला एक जबडा आठवत होता. कौतिकचा. धरणगावच्या अलीकडे दोन कोसांवर दोघांचं गाव. तिथून हे दोघं जर्मनच्या लढाईत एका दिवशी खेचरांच्या पलटणीत भरती झाले आणि एका बोटीनं बसऱ्याला उतरले. कौतिक म्हणजे खाण्यातला माणूस. लग्नाच्या पंगतीत वाढपी त्याच्या पुढ्यातून दबकत जायचे. तिकडे दजला नदीच्या काठी, चिखलात आणि माशांत, शिधा कधी यायचा, कधी निम्मा यायचा, कधी खेचरांचा येऊन माणसांचा राहायचा; तेव्हा संध्याकाळी कौतिक तंबूच्या दोरीला टेकून तोंडानं स्वयंपाक करायचा. "बोल सुकदेव, आज काय करू?" सुकदेव म्हणायचा, कळण्याची भाकर कर. मग तो कळणं दळण्यापासून सुरुवात करी. उडीद किती, ज्वारी किती, मीठ कधी. हिरव्या मिरच्या भाजताना तो खोकत असे आणि ऐकणारेही खोकत. भरताची वांगी तो काट्यांच्या आगीवर अशी भाजी की पलीकडच्या तंबूतला पंजाबी, ज्याला एक शब्द कळत नसे, तोही उठून येऊन बसे. फक्त एक पदार्थ कौतिक तोंडानं रांधत नसे. खापरावरचे मांडे. "ते मायना हातनं," म्हणायचा. "ते तोंडानं जमत नही." त्याच्या आईचे, झुंबरबाईंचे मांडे म्हणजे गावात बोलायचं काम नव्हतं. उपडं खापर चुलीवर तापलेलं, पुरण भरलेली कणीक दोन्ही हातांच्या कोपरापर्यंत लोळवत, पसरवत, कागदासारखी पातळ करून ती खापरावर अशी टाकायची की एक सुरकुती पडत नसे. आखाजीला माहेरी आलेल्या पोरी झोके सोडून ते बघायला यायच्या.

टांग्यापाशी कोणी उभं होतं. गावचा झुलाल, बैलांच्या बाजाराला आलेला. "नाना, झोपनात का?" तो म्हणाला. "झुंबर अक्काना निरोप शे. खापर लई येजो. जुनं तडकनं. आनी..." तो हसला आणि हसू आवरून कपाळापाशी बोट फिरवलं. "कौतिकना पत्ता लई येजो, म्हने. मास्तरकडथून पत्र लिखाडनं शे. मरेल पोऱ्याना पत्ता! म्हतारी सरकी गई बिचारी."

सुकदेवनं मान हलवली. म्हातारी सरकली नव्हती. ती एकटीच काय ती भानावर होती, कारण तिला जे सांगितलं गेलं होतं त्याच्याशी ती इमानानं राहिली होती. सरकवलं होतं ते यानं.

घरी बायकोनं, भिकुबाईनं, खापर पाहिलं. त्यानं ते कुंभारणीकडून दहा वेळा वाजवून घेतलं होतं, गोधडीत गुंडाळून टांग्याच्या बैठकीवर ठेवून आणलं होतं. "स्वतःना घरमा खापर येवाले चार वरीस लागतस," ती म्हणाली, "नि अक्काले लगेच." मग त्याच्या तोंडाकडे बघून तिचा आवाज उतरला. "दरसाल तठून येतस नि दोन दिन तोंडमा घास घालतस नही. असा कसा मांडा खावाडस हो ती म्हतारी?" सुकदेव म्हणाला, "जड ऱ्हास." तिनं पुढं विचारलं नाही. संसाराला बारा वर्षं झाली की बायका काही प्रश्न चुलीमागे ठेवून देतात, कधी लागतील म्हणून.

आखाजीच्या पहाटे सर्व्हिस मोटारीत बसून तो अंमळनेरला निघाला, तिथून पुढं गावी. खापर मांडीवर. खड्डा आला की तो खापरासकट उचलला जाई आणि खापर आधी सांभाळी. शेजारची बाई म्हणाली, पोरासारखं धरलंय. पत्ता काय द्यायचा, हा प्रश्न त्यानं मोटार सुटायच्या आधीच निकालात काढला होता. इतकी वर्षं गोष्टी सांगून हात बसलेला माणूस तो. पत्ता द्यायचाच नाही, कौतिकला गोष्टीत मारायचं. तिकडेच, गेल्या साली, सुखानं. त्याची गोष्ट पारोळा येईपर्यंत तयार झाली, आणि खोटं कशाला, ती त्याच्या साऱ्या गोष्टींत सुरेख होती. बसऱ्याहून आलेला एक खलाशी स्टेशनावर भेटला. त्यानं सांगितलं, कौतिकला तीन मुलं, खजुरीची बाग, दारात दोन गाढवं. ताप आला, दोन दिवसांत आटोपला. बायकोनं मांडी दिली. शेवटचा घास तिच्या हातचा, त्यावर खजुराची काकवी. अक्का रडेल, मोकळी होईल, आणि आज आखाजीला त्याच्या नावानं घागर भरेल. बारा वर्षं उपाशी राहिलेल्याला घास मिळेल. खोट्यानं अडलेलं खोट्यानंच सुटेल. यात कोणाचं काय गेलं? सुकदेवनं ती गोष्ट दोनदा मनाशी म्हणून पाहिली. दोन्ही वेळा खजुराच्या काकवीपाशी त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

कारण काकवी खरी होती. बाई खरी होती. कौतिकला हगवण लागून आठ दिवस झाले होते, दवाखान्याच्या तंबूत तो चटईसारखा पडला होता, आणि पेजेशिवाय त्याला काही देत नव्हते. नवव्या दिवशी तो म्हणाला, "सुकदेव, मांडा खावाशी वाटस रे." ज्या पदार्थाचं तो नाव घेत नसे त्याचं नाव त्यानं घेतलं, तेव्हा सुकदेवला कळलं की हा आता जाणार. त्याच दिवशी खेचरं पाण्यावर नेताना वाट चुकली आणि नदीच्या वळणावर बोरूच्या चार झोपड्या लागल्या. एका झोपडीपुढं ती बसलेली. काळे कपडे, हनुवटीवर गोंदण, गोंदण अगदी आपल्याकडच्यासारखं. पुढं तीन दगडांवर उपडी लोखंडी कढई, खाली काटक्या. आणि कणकेचा गोळा ती हातावर घेऊन या हातावरून त्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत लोळवत होती, आणि तो पसरत होता, पसरत होता, त्यातून नदी दिसू लागली होती. मग तिनं तो झपकन उपड्या कढईवर टाकला. एक सुरकुती पडली नाही. सुकदेव खेचराची दोरी धरून उभा राहिला. परमुलूख, परकी नदी, परका धर्म. ज्या घरचं पाणी आपल्या गावात चालणार नाही अशा घरची ती बाई. पण ते हात कोपरापासून मनगटापर्यंत झुंबर अक्काचे होते. इतक्या महिन्यांत त्याला प्रथमच वाटलं की हा मुलूखही कोणाचं तरी गाव आहे. इथंही कोणी पोरं आईकडं बघून म्हणत असतील, असं दुसऱ्या कोणाला जमत नाही.

त्यानं दोन बोटं दाखवली. एक आपल्या छातीला लावलं, दुसऱ्यानं लांब तंबूंकडे दाखवून गालाखाली हात ठेवून मान कलती केली, आजारी. ती हसली नाही; ते हसू त्यानं मागाहून गोष्टीत घातलं. तिनं त्याच्याकडे, मग तंबूंकडे पाहिलं, आणि आजाऱ्याची रोटी वेगळी केली, जास्त पातळ, तिच्यावर मातीच्या बुडकुल्यातली काकवी ओतली, घडी केली आणि खजुरीच्या पानाच्या चटईत गुंडाळून दिली. त्याची त्यानं तिथंच उभ्यानं खाल्ली. गरम होती, गव्हाची होती, जळलेल्या काटक्यांचा वास होता तिला. पोटात उतरली तशी डोळ्यांत पाणी आलं. मग ती दुसरी घेऊन तो निघाला. दोन कोस वाट. चटईतून वास येत होता. अर्ध्या कोसावर त्यानं ती उघडून पाहिली, फक्त पाहिली. एका बाजूला काठ करपला होता. आजारी माणसाला करपलेलं कशाला, म्हणून तेवढा काठ मोडून खाल्ला. आता ती एका बाजूनं तुटकी दिसू लागली. कौतिक विचारील, कोणी खाल्ली. म्हणून दुसऱ्या बाजूचा काठ मोडला, गोल व्हावी म्हणून. मग ती लांबट दिसली. मग वरचा, मग खालचा. गोल राहिली पाहिजे, एवढं तो मनाशी म्हणत होता आणि खात होता. मोठ्या इमानानं, सगळीकडून सारखी. ती मांड्याएवढी होती ती फुलक्याएवढी झाली, फुलक्याची पुरी झाली, आणि तंबू दिसू लागले तेव्हा तळहातावर एक वाटोळा तुकडा उरला, अगदी गोल, मधोमध काकवीचा डाग. एवढासा तुकडा नेऊन कोणाच्या हातावर ठेवायचा, लाज वाटते, असं त्याला वाटलं. म्हणून तोही खाल्ला. बोटं चाटली. चटई फेकून दिली.

"आनी का?" कौतिकनं विचारलं. त्याला कसा वास लागला कोण जाणे. आणि सुकदेव त्याच्या उशाशी बसला आणि आयुष्यात पहिली गोष्ट सांगू लागला. उद्या आणतो, आज बघून आलो. अशी बाई होती, असं खापर होतं, तुझ्या मायसारखे हात. कणीक कशी, जाळ कसा, काकवी कशी लाल. कौतिक ऐकत होता आणि त्याचे जबडे हलत होते. रिकाम्या तोंडानं तो चावत होता, नीट, घाई न करता, आणि मधे गिळत होता. "गोड शे का?" त्यानं विचारलं. "शे," सुकदेव म्हणाला. त्याच्या दाताच्या फटीत तेव्हा अजून रोटीचा कण होता. दुसऱ्या दुपारी खेचरं बांधून तो आला तर खाट रिकामी होती आणि चटई धुऊन उन्हात घातली होती.

लढाई संपली, सुकदेव घरी आला. सरकारचा कागद त्याच्या आधी आला होता, पण अक्कानं तो पाटलाच्या हातून घेतला नव्हता. अंगठा देणार नाही म्हणाली, सुकदेव येऊन सांगेल ते खरं. तो आला तेव्हा ती ओट्यावर बसली होती. "मेला का?" असं तिनं विचारलंच नाही. विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता, असं तो पुढं वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आला. तिनं विचारलं, "काय खाये रे तो तठे? शेवटला काय खादं त्यानी?" आणि सुकदेवच्या तोंडून गोष्ट निघाली, कौतिकला सांगितलेलीच, फक्त ती थांबेना. बाई होती. मांडे करते. तुझ्यासारखेच. तो तिच्याकडेच आहे अक्का, पलटण सोडून पळाला, म्हणून सरकारनं मेला लिहिलं. कोणाला बोलू नको, पकडतील. म्हातारी उठली, घरात गेली, आणि गुळाचा खडा आणून त्याच्या हातावर ठेवला. अरबीण आहे म्हणून तो चाचरत होता, तर म्हणाली, "जीव वाचाडा तिन्ही. ती मन्ही जातनी."

तेव्हापासून बारा आखाज्या. गावात प्रत्येक घरी गेलेल्यांच्या नावानं घागर भरत, विस्तवावर त्यांना घास देत, त्याला आगारी म्हणत. आणि तो घास जळून संपेपर्यंत घरात कोणी जेवत नसे. अक्काच्या घरात पुरुष नाही म्हणून आगारी सुकदेव टाके. तिच्या नवऱ्याच्या नावानं, सासऱ्याच्या नावानं. कौतिकच्या नावानं नाही. जित्या माणसाला कोण आगारी देतं? त्याच्या वाटचा मांडा ती सुकदेवच्या ताटात वाढे. "त्याले दखेल तोंड तुनं. त्याना वाटाना तूच खाय." आणि तो खाई. बारा वर्षं, दरसाल एक, कौतिकच्या वाटचा, अख्खा.

आता तेरावी. खापर घेऊन तो दारात उभा राहिला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पलीकडे कोणाच्या तरी अंगणात पोरी झोक्यावर गात होत्या. अक्का अर्धी झाली होती; डोळ्यांत सारा पडून दिसणं अंधुक झालं होतं, पण चूल सारवलेली, कणीक भिजलेली, पुरण वाटून तयार.

"उना का रे बाप? खापर फुटनं नही ना?"

"नही अक्का. मांडीवर लई उनू."

तिनं ते वाजवून पाहिलं, पाण्याचा हात फिरवला, चुलीवर उपडं घातलं. "नि पत्ता?"

"देस ना. पहिले मांडे तं व्हऊ दे."

"आते सरकारले कोठे याद ऱ्हाई व्हई," ती जाळ सारत म्हणाली. "पत्रमा लिखाडनं शे, माय थकनी. बायकोले लई ये, पोरंसोरं व्हतीन ती लई ये. तिना हातना एक मांडा खासू नि मंग जासू. मन्हाबाद त्या घरना आगारीले कोन शे रे? तू कितला वरीस येशी?"

सुकदेवनं खलाशाची गोष्ट जिभेवर घेतली. अक्का, एक बातमी आहे; इथून सुरू करायची होती. पण तिनं गोळा हातावर घेतला होता. हात वाळल्या शेंगेसारखे झाले होते, थरथरत होते. कणीक त्यांच्यावर आली आणि थरथर थांबली. या हातावरून त्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत. पसरत गेली, आणि तिच्यातून त्याला दाराबाहेरचं ऊन दिसलं, नदीसारखं हलणारं. तिनं मांडा खापरावर टाकला. नवं खापर, जाळ एका अंगाला जास्त. उलथायला तिच्या डोळ्यांना पळभर उशीर झाला. एका बाजूचा काठ करपला. तिनं मांडा उचलून परातीत घेतला, बोटांनी चाचपून करपलेला काठ शोधला आणि मोडून टाकला. मग दुसऱ्या बाजूचा मोडू लागली.

"अक्का, तो काब्र तोडस?"

"जयेल काढा ना. आते गोल तं ऱ्हावाले पाहिजे. कौतिकना वाटाना शे."

ती मोडत होती, सगळीकडून सारखा, मोठ्या इमानानं. खलाशी, खजुरीची बाग, तीन मुलं, दोन गाढवं, सगळी त्याच्या जिभेवरून खाली उतरून निघून गेली. तोंडात फक्त दाताच्या फटीतला तो कण राहिला.

"दोन व्हत्यात, अक्का," तो म्हणाला.

"काय?"

"रोट्या. तिन्ही दोन दिन्यात. एक मन्ही, एक त्यानी. त्यानी बी मीच खादी. रस्तामा." त्याला वाटलं होतं, खरं सांगायला पुष्कळ वेळ लागत असेल. "तो पळना नही. तो दवाखानामा व्हता. तिन्ही त्याले दखं बी नही. मी रिकामा हाते गऊ, नि त्याले निस्ती गोष्ट सांगी. दुसरे दिन तो गया."

खापर तापून त्याच्यावर वाफ धरत होती. पलीकडचा झोका कुरकुरत होता. एक गाणं संपलं, दुसरं सुरू व्हायला वेळ लागला. ती रडेल, शिव्या देईल, पळी फेकून मारील, असं त्यानं बारा वर्षं वेगवेगळं रचून ठेवलं होतं. त्यातलं काही झालं नाही. तिनं त्याच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली, अंधुक रस्ता निरखावा तशी.

"भूक लागेल व्हती तुले?"

"हा."

"गोड व्हती?"

इथं खोटं बोलणं सोपं होतं, आणि दयेचंही झालं असतं. कडू लागली म्हणावं, घशात अडकली म्हणावं. ऐकणाऱ्याला तेच हवं असतं.

"व्हती, अक्का," तो म्हणाला. "भलती गोड व्हती. आजलोंग तसं काही खादं नही."

तिनं मान हलवली. मग परातीतला तो काठ मोडलेला मांडा बाजूला सारला, नवा गोळा घेतला आणि दुसरा मांडा केला. या खेपेला ती जाळावर झुकून बसली, चेहरा भाजेपर्यंत, आणि वेळेवर उलथला. काठ कुठं करपला नाही. घडी केली, वर तुपाची धार सोडली. सुकदेवनं सवयीनं हात पुढं केला, आगारीसाठी.

"तू नको," ती म्हणाली.

विस्तव तिनं स्वतः चुलीतून ओढला, गोवऱ्यांवर ठेवून फुंकला. नवऱ्याचं, सासऱ्याचं नाव घेऊन चिमूट चिमूट टाकली. मग तिसरं नाव घेतलं. ते त्या घरात या कामासाठी प्रथमच उच्चारलं जात होतं, आणि तिला ते दोनदा म्हणावं लागलं. आणि तिनं चिमूट टाकली नाही. अख्खा मांडा विस्तवावर ठेवला.

पुरणाचा मांडा काही पटकन जळत नाही. आधी तूप तडतडलं, मग वरचा पापुद्रा फुगला आणि बसला, काठ आत वळत गेले, गोलाई हळूहळू लहान होऊ लागली. गुळाचा वास घरभर झाला. मधोमध पुरणाचा ओला गोळा होता तो धुमसत राहिला. तो संपेपर्यंत जेवायचं नव्हतं; दोघंही बसून होती. सुकदेवपुढं ताट मांडलेलं होतं, रिकामं. त्याला भूक लागली होती, आणि ती भूक त्याला स्वतःची वाटली, बारा वर्षांत पहिल्यांदा. बाहेरून कोणीतरी हाक मारली, "अक्का, जेवनात का?" म्हातारी विस्तवाकडे वाकली होती आणि पदरानं वारा घालत होती, अगदी थोडा.

"धीरेधीरे खाय, बाप," ती विस्तवाला म्हणाली. "आते तुना वाटामा कोनी हात घालाव नही."